मधला एक तास : एन्टेबेच्या सुटकेतून वगळलेली ओलीस

जुलै १९७६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत युगांडाचे परराष्ट्रमंत्री जुमा ओरिस यांनी केलेले निवेदन परिषदेच्या इतिवृत्तात छापलेले आहे. विमान अपहरणातल्या एका वृद्ध ओलीस स्त्रीच्या घशात घास अडकला म्हणून तिला कंपालाच्या रुग्णालयात हलवले होते. बरे वाटल्यावर ३ जुलैच्या संध्याकाळी तिला एन्टेबे विमानतळावर इतर ओलिसांकडे परत पोहोचवले, असे त्यांनी परिषदेला सांगितले. या म्हणण्याचा अर्थ उघड होता. त्याच रात्री इस्रायली सैनिकांनी विमानतळावर छापा घालून ओलीस सोडवून नेले होते. तेव्हा बाईंचे पुढे काय झाले, हे युगांडाला विचारण्याचे कारण उरत नव्हते.

लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे मात्र वेगळी माहिती आलेली होती. कंपालातल्या ब्रिटिश उच्चायुक्तालयातले अधिकारी पीटर चँडली ४ जुलैला, म्हणजे छापा होऊन विमाने परत गेल्यानंतर, त्याच बाईंना त्याच रुग्णालयात प्रत्यक्ष भेटले होते.

ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. बाईंचे नाव डोरा ब्लॉख. वय कुठल्या कागदात ७४, कुठल्या कागदात ७५. एन्टेबेच्या सुटकेवर ग्रंथ निघाले, चित्रपट निघाले, लष्करी महाविद्यालयांत तिचे धडे दिले गेले. त्या सगळ्यात ब्लॉख यांच्या वाट्याला बहुधा एक परिच्छेद येतो. पण कागद कसे वाचावेत आणि कोणत्या कागदाला किती वजन द्यावे, हे शिकायचे असेल तर छाप्याच्या थरारापेक्षा या एका परिच्छेदात जास्त मिळते.

विमानतळापर्यंतचा प्रवास

ज्याबद्दल वाद नाही तो भाग आधी थोडक्यात. रविवार, २७ जून १९७६ रोजी एअर फ्रान्सचे १३९ क्रमांकाचे एअरबस विमान तेल अवीवहून अथेन्समार्गे पॅरिसला निघाले. अथेन्सला चढलेल्या प्रवाशांत चार अपहरणकर्ते होते : पॅलेस्टिनी मुक्तीच्या ‘पॉप्युलर फ्रंट’मधील वादी हद्दाद यांच्या गटाचे दोघे आणि जर्मनीतल्या ‘रिव्होल्यूशनरी सेल्स’ या गटाचे विल्फ्रीड बोझे व ब्रिगिटे कुलमान. विमान आधी लिबियातल्या बेनगाझीला उतरले, तिथे इंधन घेतले आणि २८ जूनच्या पहाटे व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एन्टेबे विमानतळावर पोहोचले. तिथे अपहरणकर्त्यांना आणखी साथीदार मिळाले आणि युगांडाचे अध्यक्ष इदी अमीन यांचे उघड सहकार्यही मिळाले. विमानतळाच्या जुन्या इमारतीत ओलिसांना ठेवले. मागणी होती ५३ कैद्यांच्या सुटकेची, त्यांतले ४० इस्रायलच्या तुरुंगांत होते.

२९ जूनला ओलिसांची विभागणी झाली. ३० जून आणि १ जुलै अशा दोन टप्प्यांत सुमारे दीडशे जणांना सोडून दिले. उरले १०६. त्यांत मुख्यतः इस्रायली प्रवासी होते, शिवाय कॅप्टन मिशेल बाकोस आणि त्यांचे कर्मचारी. प्रवाशांना सोडून जायला बाकोस तयार झाले नव्हते.

या विभागणीविषयी एक सूचना इथेच करायला हवी, कारण त्यात साधनांचा पहिला पेच आहे. ज्यू आणि बिगरज्यू अशी निवड झाली, असे तेव्हाच्या अनेक बातम्यांत आहे आणि नंतरच्या पुस्तकांतही ते उतरले आहे. जर्मन माणसाने हातात यादी घेऊन ज्यूंना वेगळे काढले, हे चित्र १९७६मध्ये ज्यांच्या आठवणीत छळछावण्या ताज्या होत्या त्यांच्या मनावर किती खोल उमटले असेल, हे वेगळे सांगायला नको. पण डोरा ब्लॉख यांचे चिरंजीव इलान हार्तुव स्वतः त्या विमानात होते. ओलिसांशी अमीन बोलत तेव्हा दुभाष्याचे काम तेच करत. त्यांनी २०११मध्ये स्पष्ट सांगितले की निवड इस्रायली नागरिकत्वावरून झाली. अनेक बिगरइस्रायली ज्यू प्रवासी सुटलेही. इस्रायली गटात काही बिगरइस्रायली ज्यूही अडकवले गेले, हेही खरे. तेव्हा सरसकट ‘ज्यूंची निवड’ म्हणणे कागदांना धरून नाही आणि धर्माचा काहीच संबंध नव्हता म्हणणेही नाही. डोरा ब्लॉख यांच्याकडे इस्रायली आणि ब्रिटिश अशी दोन्ही नागरिकत्वे होती. पुढे ब्रिटनला या प्रकरणात अधिकाराने प्रश्न विचारता आले ते यामुळे.

ब्लॉख मायलेक न्यूयॉर्कला निघाले होते. तिथे डोराबाईंच्या दुसऱ्या मुलाचे लग्न होते. शुक्रवार, २ जुलैला जेवताना त्यांच्या घशात मांसाचा तुकडा अडकला. त्यांना तिथून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात नेले. मुलाला बरोबर जाऊ दिले नाही.

कोणती रात्र, कोणती तारीख

छाप्याची हकिकत सर्वज्ञात आहे. चार हर्क्युलस मालवाहू विमाने सिनाईच्या दक्षिण टोकावरून निघाली आणि सुमारे ४,००० किलोमीटर अंतर तोडून एन्टेबेला उतरली. पहिल्या विमानातून एक काळी मर्सिडीज आणि लँड रोव्हर गाड्या उतरल्या. पहारेकऱ्यांना अमीनचाच ताफा वाटावा, हा हेतू. जुन्या इमारतीत काही मिनिटांत अपहरणकर्ते मारले गेले. तुकडीचे प्रमुख योनातन नेतन्याहू गोळी लागून गेले. धुमश्चक्रीत जखमी होऊन तीन ओलीसही दगावले. साऱ्या विमानांनी दीड तासाच्या आसपास युगांडाची भूमी सोडली आणि नैरोबीत इंधन घेऊन ती परतली.

आता तारखांकडे पाहू. पहिले विमान धावपट्टीवर टेकले तेव्हा इस्रायलच्या घड्याळात रात्रीचे ११ वाजून गेले होते. युगांडाचे घड्याळ एक तास पुढे. म्हणजे तिथे मध्यरात्र उलटत होती. त्यामुळे इस्रायली कागदांत छापा ३ जुलैचा आहे, युगांडाच्या कागदांत ४ जुलैचा. ‘३ जुलैची संध्याकाळ’ म्हणजे छाप्याच्या काही तास आधीची वेळ आणि ‘४ जुलै’ म्हणजे छाप्यानंतर उजाडलेला रविवार, हे डोक्यात पक्के ठेवल्याशिवाय पुढचे कागद वाचता येत नाहीत. दुय्यम पुस्तकांतले काही घोटाळे एवढ्यावरूनच झालेले आहेत.

आणि एक हिशेब. छाप्याच्या वेळी ओलीस म्हणून मोजायची माणसे १०६. त्यांतल्या एक रुग्णालयात, म्हणून इमारतीत १०५. तीन दगावले, १०२ सुटले. इस्रायलला परतलेल्यांची सर्वत्र दिली जाणारी संख्या हीच. डोराबाईंना ३ जुलैच्या संध्याकाळी परत आणले असते, तर या हिशेबात एक माणूस जास्त भरला असता, जिवंत किंवा मृत.

पहिला कसोटीचा दगड : १०२ साक्षीदार

जुमा ओरिस यांच्या निवेदनाची तपासणी करायला गुप्त कागदांची गरजच नाही. ते म्हणतात ती संध्याकाळ त्या इमारतीत घालवलेली १०२ माणसे दुसऱ्या दिवशी तेल अवीवला उतरली. आठवडाभर एकाच दालनात, गाद्यांवर शेजारी शेजारी राहिलेली ही माणसे. आदल्याच दिवशी घास अडकून सर्वांसमोर कासावीस झालेली म्हातारी परत आली असती, तर ते कोणाच्याच लक्षात आले नाही असे होणे शक्य नव्हते. त्यांच्यात तिचा स्वतःचा मुलगा होता आणि आई परत आली नाही हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता.

सुटलेले ओलीस इस्रायलच्या बाजूचे, म्हणून त्यांची साक्ष एकतर्फी, असा आक्षेप घेता येईल. पण त्या १०२ जणांत फ्रेंच विमान कर्मचारीही होते. शिवाय इस्रायलला ही गोष्ट लपवण्यात काय लाभ होता, हे पाहावे. ओलीस मागे राहिली हे कबूल करणे म्हणजे मोहिमेतली उणीव कबूल करणे. आपल्याला अडचणीची गोष्ट जो स्वतःहून सांगतो, त्याच्या सांगण्याला जास्त वजन द्यायचे, हा साधनचिकित्सेचा जुना नियम इथे लागू पडतो.

दुसरा कागद : वकिलातीतल्या माणसाची भेट

चँडली मुलागोला गेले ते एका नित्याच्या कामासाठी. परक्या देशात आपला नागरिक रुग्णालयात असेल तर वकिलातीतला कोणी जाऊन त्याची विचारपूस करतो, काय हवे-नको पाहतो, वरिष्ठांना दोन ओळी कळवतो. चँडली ४ जुलैला डोराबाईंना भेटले. त्यांच्यावर पहारा होता. त्यांच्यासाठी काही खाण्याचे आणावे म्हणून चँडली बाहेर पडले. साधारण तासाभराने ते परत आले, तेव्हा त्यांना आत सोडले नाही. त्यानंतर ब्रिटिश उच्चायुक्तालयातल्या कोणालाही डोरा ब्लॉख दिसल्या नाहीत.

या साक्षीची ताकद तिच्या साधेपणात आहे. चँडली गेले तेव्हा या भेटीवरून दोन देशांचे संबंध तुटणार आहेत, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. युगांडाचे सुरक्षा परिषदेतले निवेदन अजून व्हायचे होते. ते खोडून काढण्यासाठी ही भेट रचली, असे म्हणायला कालक्रमच आडवा येतो. भेट आधीची, निवेदन नंतरचे. साक्षीदार एका बाबीवर बोलतो आणि तीही मोजकी : बाई कुठे होत्या आणि केव्हा होत्या. त्यांना कोणी नेले, त्यांचे काय केले, यावर तो काहीच म्हणत नाही, कारण त्याने ते पाहिलेले नाही.

युगांडाने या साक्षीला दिलेले उत्तरही एक साधनच आहे. चँडली यांना देशाबाहेर जायला सांगण्यात आले. खोटे बोलणाऱ्या अधिकाऱ्याला हाकलणे हा कोणत्याही देशाचा हक्क आहे, हे मान्य. पण त्याची साक्ष खोटी ठरवायची असेल तर विमानतळावर बाईंना परत पोहोचवणारा चालक, रुग्णालयातून सोडल्याची नोंद, पहाऱ्यावरचा शिपाई, यांपैकी काहीतरी पुढे करता आले असते. ब्रिटन चौकशी मागत असतानाही तसे काही पुढे आले नाही.

लंडनची भाषा या काळात जपून होती. युगांडात शेकडो ब्रिटिश नागरिक अजून राहत होते आणि १९७२मध्ये अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देशाबाहेर काढले, त्याची आठवण ताजी होती. काळजीवाहू उच्चायुक्त जेम्स हॉरॉक्स यांना याच दडपणाखाली विचारपूस करावी लागत होती. ब्लॉख जिवंत नसाव्यात असे ब्रिटिश सरकार जुलैच्या मध्यापर्यंत गृहीत धरू लागले होते. २८ जुलै १९७६ला परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी युगांडाशी राजनैतिक संबंध तोडल्याचे संसदेत जाहीर केले. राष्ट्रकुलातल्या एखाद्या देशाशी ब्रिटनने संबंध तोडण्याची ती पहिलीच वेळ.

सुरक्षा परिषदेत मात्र ९ ते १४ जुलैच्या चर्चेत ब्लॉख प्रकरण कडेलाच राहिले. तिथला मुख्य वाद सार्वभौमत्वाचा होता. युगांडाच्या हद्दीत परवानगीवाचून सैन्य उतरवणे हे आक्रमण, असे आफ्रिकी देशांचे म्हणणे. अपहरणकर्त्यांना साथ देणाऱ्या देशाला हा आधार घेता येत नाही, असे इस्रायलचे प्रतिनिधी हाइम हर्झोग यांचे. अमेरिका आणि ब्रिटनच्या ठरावाला ६ मते मिळाली, २ सदस्य तटस्थ राहिले, ७ जणांनी मतदानात भागच घेतला नाही आणि ठराव बारगळला. इस्रायलचा निषेध करणारा दुसरा मसुदा मताला टाकलाच नाही. परिषदेने काहीच ठरवले नाही; उरले ते भाषणांचे शब्दशः इतिवृत्त, आणि त्यात जुमा ओरिस यांचे ते वाक्य.

तिसरे साधन : मंत्र्याचे पुस्तक

रविवारी रात्री मुलागोत काय घडले, याची सर्वांत तपशीलवार हकिकत हेन्री क्येम्बा यांच्याकडून येते. ते अमीनचे आरोग्यमंत्री होते, म्हणजे मुलागो त्यांच्याच खात्यात. १९७७मध्ये ते देशातून निसटले आणि त्याच वर्षी ‘अ स्टेट ऑफ ब्लड’ हे त्यांचे पुस्तक निघाले. अमीनची माणसे रुग्णालयात आली, कर्मचाऱ्यांना बाजूला सारून त्यांनी डोराबाईंना खोलीतून ओढत नेले, त्या ओरडत होत्या, असे ते लिहितात. त्या मारल्या गेल्याचे खुद्द अमीनकडून कळल्याचे आणि रुग्णालयाच्या नोंदी सरकारी निवेदनाशी जुळवून घ्याव्या लागल्याचेही ते सांगतात.

मराठी वाचकाला अस्सल पत्र आणि बखर यांतला फरक नवा नाही, आणि क्येम्बांचे पुस्तक बखरीच्या जातीचे आहे. घटनेनंतर लिहिलेले, प्रसंग रंगवून सांगणारे, आणि लेखकाला स्वतःची बाजू मांडण्याची गरज असलेले. अमीनच्या मंत्रिमंडळात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला बाहेर पडल्यावर आपण त्या पापात नव्हतो हे दाखवावेसे वाटणार, हे गृहीत धरूनच ते वाचायला हवे. म्हणून त्यातला प्रत्येक तपशील, कोण कोणत्या दाराने आला, कोण काय बोलले, हा मी प्रस्थापित तथ्यात धरत नाही. पण बखर सोडून द्यायचीही नसते. स्वतंत्र कागदाशी ती कुठे जुळते ते पाहायचे असते. क्येम्बांची कथा चँडलींच्या भेटीशी बरोबर सांध्यावर जुळते. चँडली बाहेर पडले तेव्हा बाई खोलीत होत्या, परतले तेव्हा दार बंद झालेले होते. क्येम्बा सांगतात ती घटना याच रविवारच्या रात्रीची. शिवाय ते सांगतात ते त्यांच्याच खात्याची लाज काढणारे आहे : मंत्री म्हणून ज्याच्या अखत्यारीत रुग्णालय, तिथून रुग्ण ओढून नेला गेला आणि त्याच्या हाती काही नव्हते.

चौथे साधन : गोपनीय दप्तर, आणि त्याचे धोके

२००७मध्ये ब्रिटनची या काळातली काही कागदपत्रे खुली झाली. एका युगांडन नागरिकाने उच्चायुक्तालयाला दिलेली खबर त्यांत आहे : ब्लॉख यांना गोळी घातली आणि मृतदेह मोटारीच्या डिकीत टाकला, मोटारीची नंबरपाटी युगांडाच्या गुप्तचर खात्याची होती. खबर समकालीन आहे, पण ती ऐकीव असू शकते आणि खबर देणारा पुढे आलेला नाही. नंबरपाटीचा तपशील मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नाही. अमीनच्या कंपालात अशा पाट्या लोक ओळखत, कारण त्या ओळखण्यावर जीव अवलंबून असे.

त्याच वेळी खुल्या झालेल्या कागदांत आणखी एक टिपण होते. अपहरण चालू असतानाच पॅरिसमधल्या ब्रिटिश वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याने कळवले होते की हे अपहरण ‘पॉप्युलर फ्रंट’ने इस्रायलच्याच अंतर्गत सुरक्षा यंत्रणेच्या मदतीने घडवून आणले, असे आपल्या एका परिचिताचे म्हणणे आहे. २००७मध्ये वृत्तपत्रांत ते ठळक छापून आले. त्याला दुसऱ्या कशाचाही आधार मिळालेला नाही. दप्तरात सापडला म्हणून कागद खरा ठरत नाही; अधिकाऱ्याने खरेच असे कळवले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. हा नियम पॅरिसच्या टिपणाला लावायचा आणि डिकीच्या खबरीला लावायचा नाही, असे करता येत नाही. दोन्हींत फरक आहे तो एवढाच की डिकीच्या खबरीला नंतर इतर पुरावा येऊन मिळाला आणि पॅरिसच्या टिपणाला मिळाला नाही.

जिंजा रस्ता

तो इतर पुरावा १९७९मध्ये आला. टांझानियाच्या सैन्याने आणि युगांडाच्या निर्वासितांनी एप्रिलमध्ये कंपाला घेतले, अमीन पळाला. त्यानंतर कंपालापासून सुमारे ३२ किलोमीटरवर, पूर्वेला जिंजाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, उसाच्या मळ्याजवळ अवशेष सापडले. इस्रायली न्यायवैद्यक तज्ज्ञांनी ते डोरा ब्लॉख यांचेच असल्याची ओळख पटवली आणि ते जेरुसलेमला नेऊन पुरण्यात आले.

याआधीच्या हकिकतींत मृतदेह नामान्वेच्या जंगलात पाहिल्याचा उल्लेख येतो. त्याची छायाचित्रे ‘व्हॉइस ऑफ युगांडा’चा छायाचित्रकार जिमी पार्मा याने घेतली आणि त्यापायी त्याचाही जीव घेतला गेला, असे त्या हकिकती सांगतात. नामान्वे त्याच रस्त्यावर, पण कंपालाला बरेच जवळ. दोन ठिकाणे जुळत नाहीत म्हणून दोन्ही फेटाळण्याची गरज नाही. मृतदेह एका जागी दिसला असेल आणि दुसरीकडे पुरला असेल, किंवा सांगणाऱ्याने परिचित जागेचे नाव घेतले असेल. शरीरावरून पटलेली ओळख वरचढ मानायची आणि जंगलाची हकिकत तिच्या खाली ठेवायची.

काय प्रस्थापित होते

सगळी साधने समोर ठेवल्यावर तीन गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. ३ जुलैच्या संध्याकाळी डोरा ब्लॉख यांना एन्टेबेला परत नेलेले नव्हते. ४ जुलैला, छाप्यानंतर, त्या मुलागोत पहाऱ्याखाली जिवंत होत्या. त्या कंपालाच्या पूर्वेला पुरलेल्या सापडल्या, म्हणजे त्यांना रुग्णालयातून कोणीतरी नेले आणि ते राज्यसत्तेच्या पहाऱ्यातून नेले. चौथी गोष्ट, हा हुकूम खुद्द अमीनचा, ही एका मंत्र्याच्या साक्षीवर उभी आहे. परिस्थिती तिला पूर्ण पोषक आहे, पण तिची पायरी वेगळी, हे लिहिणाऱ्याने वाचकाला सांगितले पाहिजे.

ती साक्ष पुढे नुसत्या पुस्तकापुरती राहिली नाही. १९८६मध्ये युगांडाने मानवी हक्कांच्या उल्लंघनांची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती आर्थर ओडर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९८७मध्ये क्येम्बांनी त्याच्यासमोर सांगितले की ब्लॉख यांना खाटेवरून ओढून नेऊन दोन लष्करी अधिकाऱ्यांनी अमीनच्या हुकमावरून मारले. या वेळी ते परदेशात बसून पुस्तक लिहीत नव्हते, स्वतःच्या देशाच्या आयोगापुढे बोलत होते. तिथे त्यांना उलट प्रश्न विचारता येत होते. युगांडाच्या एका सरकारने न्यूयॉर्कला नोंदवलेले निवेदन आणि युगांडाच्याच दुसऱ्या सरकारने कंपालात नोंदवून घेतलेली साक्ष यांत अकरा वर्षांचे अंतर आहे. सुरक्षा परिषदेचे इतिवृत्त कोणी दुरुस्त करत नाही, करूही नये. खोटे बोलले गेले, हाही इतिहासच आहे. ते इतिवृत्त उद्धृत करणाऱ्याने मात्र कंपालाची साक्ष त्याच्याशेजारी मांडायला हवी. १०२ जणांच्या सुटकेचे कौतुक करतानाही उरलेला हिशेब पुरा करायचा असतो, आणि या प्रकरणात तो पुरा करण्याइतके कागद हाताशी आहेत.